स्मृतिनिधी आणि आयकर : हे पैसे कोणाचे?

आपल्या समाजात एखाद्या घरचा कर्ता पुरुष अकाली गेला, म्हणजे तेराव्याच्या आतच चार मंडळी ओसरीवर एकत्र बसतात आणि कोणीतरी म्हणतो, "काहीतरी केले पाहिजे." वही आणली जाते. पहिल्या पानावर 'श्री' घालावा की घालू नये, यावर क्षणभर घुटमळ होते आणि मग नावांपुढे आकडे पडू लागतात. पूर्वी ही वही घरोघर फिरत असे. आता तिचे काम मोबाइल करतो. साधन बदलले, वृत्ती तीच आहे, आणि मुलुखापासून दूर राहणाऱ्या आपल्या घरांत ती टिकून आहे याचा मला अभिमान वाटतो. प्रस्तुत लेख मात्र त्या वृत्तीविषयी नाही. तिच्या मागोमाग येणाऱ्या हिशेबाविषयी आहे. हा हिशेब मला स्वतःच्या चुकीतून शिकावा लागला, म्हणून तो सांगण्याचा थोडासा अधिकार मला आहे असे मी समजतो.

कुक्षी हे पूर्वी धार संस्थानातील गाव. संस्थानी नोकरीच्या निमित्ताने जी मराठी घरे या निमाडी मुलुखात आली, त्यांतली काही येथेच रुजली. आज ती थोडी उरली आहेत. पण शाळा, तहसील, बँक अशा ठिकाणी एकमेकांस ओळखून असतात. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या एका शासकीय शाळेतील गणिताचे शिक्षक मोटारसायकलीच्या अपघातात गेले. वय एक्केचाळीस. मागे पत्नी, नववीतली एक मुलगी आणि चौथीतली दुसरी. माणूस विद्यार्थिप्रिय होता. आठ दिवसांत त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे निरोप येऊ लागले : सर, पैसे कोठे पाठवायचे?

त्या घरी बँकेत जाण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. वहिनींचे खाते होते, पण त्याचे पासबुक कोठे आहे हेही त्यांना त्या दिवसांत सांगता येईना. तेव्हा वडीलकीच्या नात्याने मी माझाच मोबाइल क्रमांक दिला. ऑक्टोबरअखेर माझ्या बचत खात्यात ४ लक्ष ८५ हजार रुपये जमले. वहिनी सावरल्या म्हणजे त्यांना देऊ, मुलींच्या नावे कशी ठेव ठेवावी ते विचार करून ठरवू, अशा भलेपणाच्या आळसात ती रक्कम तेथेच पडून राहिली.

फेब्रुवारी उजाडला. शासकीय शाळांत फेब्रुवारी म्हणजे आयकर गणनापत्रकाचा महिना. माझा एक जुना विद्यार्थी आता चार्टर्ड अकाउंटंट आहे; तो दरवर्षी येऊन आमच्या शिक्षकांची पत्रके तपासून देतो, आणि फी म्हणून चहाखेरीज काही घेत नाही. माझे पासबुक चाळता चाळता तो थांबला.

"सर, हे पैसे कोणाचे?"

"अरे, ते माझे नाहीत. त्या कुटुंबासाठी जमवलेले आहेत."

"ते मला ठाऊक आहे, सर. पण या कागदावर तसे कोठे लिहिले आहे?"

पस्तीस वर्षांपूर्वी मी त्याला व्याकरणातील षष्ठी विभक्ती शिकवली होती. त्या दिवशी त्याने मला ती पुन्हा शिकवली. पैसा कोणा'चा', हा एकच प्रश्न आयकर कायदा विचारतो, आणि स्मृतिनिधी जमवणारे आपण सारे नेमका तोच प्रश्न विचारायचे विसरतो. दुःखाच्या भरात तो विचारणे आपल्याला असभ्य वाटते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे १९५८ पासून देणगी-कर होता. तो देणाऱ्याने भरायचा असे. १ ऑक्टोबर १९९८ पासून तो बंद झाला. काही वर्षे देणे-घेणे मोकळे राहिले. मग १ सप्टेंबर २००४ पासून उलट्या बाजूने कर आला, म्हणजे घेणाऱ्यावर. मोबदल्याशिवाय मिळालेली रक्कम २५,००० रुपयांच्या वर गेली तर ती घेणाऱ्याचे उत्पन्न धरावी, असा नियम झाला. २००६ मध्ये ही मर्यादा ५०,००० झाली, आणि वर्षभरात सर्वांकडून मिळालेल्या रकमांची बेरीज तिला लावावी असे ठरले. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ५६ व्या कलमात हा नियम होता. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा आयकर अधिनियम, २०२५ घेतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, ही ५०,००० ची रेघ मात्र तशीच ठेवली आहे.

येथे दोन गैरसमज सर्रास आढळतात. पहिला असा की, प्रत्येकाने थोडे थोडे दिले म्हणजे कर लागत नाही. हे खरे नव्हे. शंभर माणसांनी हजार-हजार रुपये दिले तरी घेणारीच्या हाती एक लाख झाले, आणि मोजायचे ते तिच्या हातातले. दुसरा असा की, पन्नास हजारांच्या वरच्या तेवढ्याच रकमेवर कर. तेही खरे नाही. रेघ ओलांडली की संपूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते, पहिल्या रुपयापासून.

या नियमाला अपवाद आहेत आणि त्यांत आपल्या नात्यागोत्याची मोठी गंमत आहे. कायद्याने मानलेल्या नातेवाइकांकडून आलेल्या रकमेस मर्यादा नाही. आईवडील, आजीआजोबा, मुले-नातवंडे, सख्खे भाऊ-बहिणी आणि या साऱ्यांचे पती वा पत्नी हे त्या यादीत बसतात. घेणारी जर मुलगी असेल, तर तिचे सख्खे काका, आत्या, मामा, मावशी हेही बसतात. पण चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेबहीण, मावसबहीण ही मंडळी कायद्याच्या लेखी परकी आहेत. पुतण्याने काकूला दिलेले पैसे यादीत बसत नाहीत. काकाने पुतणीला दिलेले बसतात. ज्या समाजात चुलत-सख्खे असा भेद करणे कोतेपणाचे मानले जाते, त्याला हे चमत्कारिक वाटेल. पण वर्गणीच्या वहीत नावापुढे नाते लिहून ठेवावे, ते याचसाठी.

आणखी एक अपवाद आहे, तो वाचून मी काही वेळ गप्प बसलो. लग्नाच्या प्रसंगी वधूवरांस मिळालेल्या आहेराला कर नाही. कोणी दिला, किती दिला, याला मर्यादा नाही. मृत्यूच्या प्रसंगी मात्र असा सरसकट अपवाद नाही. मांडवात पाच लाखांचा आहेर आला तर कायदा बाजूला उभा राहतो. त्याच मुलीच्या कपाळावरचे कुंकू पुसले गेल्यावर गावाने पाच लाख गोळा केले, तर तो वही मागतो. करचुकवेगिरीच्या वाटा बुजवण्यासाठी हा नियम आणला गेला हे मला समजते. देणगीच्या नावाखाली काळ्याचे पांढरे करणारे लोक आहेत, हेही मान्य. तथापि लग्नाच्या आहेरावर ज्या सरकारचा विश्वास आहे, त्याने शोकातल्या मदतीवर तो ठेवू नये, याचे समाधानकारक कारण मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

हा अपवाद करता येतो, हे सरकारनेच एकदा दाखवून दिले आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले, आणि २०२२ च्या वित्त अधिनियमाने ते मागील तारखेपासून कायद्यात आणले, की कोविडने मृत्यू आला असेल तर त्याच्या कुटुंबास मालकाकडून मिळालेली सारी रक्कम आणि इतरांकडून मिळालेली दहा लाखांपर्यंतची रक्कम करमुक्त राहील. अट अशी की ती मृत्यूपासून बारा महिन्यांच्या आत मिळाली पाहिजे. हा निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे असे झाले की, ज्याचा नवरा त्या रोगाने गेला तिला दहा लाखांची मुभा, आणि ज्याचा रस्त्यावर, विहिरीत किंवा हृदयविकाराने गेला तिला पन्नास हजारांची. घरातली पोकळी दोन्हीकडे सारखीच असते.

असो. तक्रार बाजूला ठेवून आमच्या प्रकरणाकडे येतो. माझ्या विद्यार्थ्याने कागद पुढे ओढला. ४ लक्ष ८५ हजारांपैकी ६० हजार वहिनींच्या वडिलांनी व सख्ख्या भावांनी दिलेले होते, ते वगळले. राहिले ४ लक्ष २५ हजार. त्या वर्षात मिळालेले कुटुंब-निवृत्तिवेतन सुमारे १ लक्ष ४० हजार होते. त्यातून नियमाप्रमाणे १५,००० ची वजावट जाऊन १ लक्ष २५ हजार. एकूण साडेपाच लाख. २०२३-२४ या आर्थिक वर्षात नव्या कररचनेत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नव्हता. म्हणजे वहिनींवर करापोटी एक रुपयाही येत नव्हता! फक्त विवरणपत्र भरणे आवश्यक होते, कारण मूळ तीन लाखांची मर्यादा ओलांडली होती.

मी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच तो म्हणाला, "पण हे सारे पैसे त्यांचे असतील तर. तुमचे ठरले, तर तुमच्या पगारावर चढतील."

तात्पर्य, ज्या रकमेवर त्या घरी शून्य कर होता, तिच्यावर माझ्या घरी वरच्या टप्प्याचा कर लागण्याची भीती होती. आणि तो वाद घालावा लागला असता तर माझी बाजू सिद्ध करायला काय होते? सुदैवाने आम्ही फिरवलेला मूळ मजकूर जपून ठेवलेला होता. त्यात मदत कोणाच्या कुटुंबासाठी आहे हे स्पष्ट लिहिले होते. देणाऱ्यांची नावे व तारखा बँकेच्या विवरणात होत्या. त्या आधारे मी केवळ मध्यस्थ होतो हे दाखवता येण्यासारखे होते. ३१ मार्चच्या आत संपूर्ण रक्कम वहिनींच्या खात्यात गेली. सोबत देणगीदारांची यादी, त्यांचे नाते आणि माझे एक पत्र. पाच महिन्यांचे जे व्याज माझ्या खात्यात पडले होते, ते मी माझ्या उत्पन्नात दाखवले, त्यावर कर भरला आणि तेवढी भर पदरची घालून दिली.

एक गोष्ट मात्र त्या यादीने सुटली नाही. शासकीय सेवकांच्या आचरण नियमांनुसार आम्हां नोकरदारांस कोणत्याही कारणासाठी वर्गणी गोळा करावयाची तर पूर्वपरवानगी लागते. मुख्याध्यापक म्हणून असे परिपत्रक मी स्वतः शिक्षकांपुढे वाचून दाखवलेले आहे. परवानगी मी घेतली नव्हती. नंतर वरिष्ठांस लेखी कळवले. त्यांनी समजून घेतले. आमच्या वाचकांपैकी जे सरकारी नोकरीत आहेत, त्यांनी निधीचे खाते निवृत्त गृहस्थाच्या किंवा व्यापारी मित्राच्या पुढाकाराने, आणि शक्य तर थेट त्या कुटुंबाच्याच खात्यावर चालवावे. दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.

वर्ष २०२५-२६ पासून नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नास ही सूट मिळते. म्हणून सामान्य घरच्या बाबतीत भीती वाटते तेवढा कर बहुधा निघत नाही. कागद मात्र हवा. आणि मालकाकडून, म्हणजे शासन, बँक, कारखाना यांच्याकडून, सेवेत असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्याच्या विधवेस वा वारसास जी एकरकमी अनुग्रह-रक्कम मिळते, ती करपात्र उत्पन्न नव्हे, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २१ ऑगस्ट १९९० च्या ५७३ क्रमांकाच्या परिपत्रकात सांगितले होते. ती रक्कम आणि गावाची वर्गणी एकाच बेरजेत घालू नये. आमच्याकडे एका घरी तशी घातली गेली होती.

मुलींच्या पैशांचे काय, हा प्रश्न वहिनींनीच विचारला. धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती. दहा वर्षांखालील मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते उघडता येते, वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात आणि त्याचे व्याज करमुक्त असते. ते लगेच उघडले. थोरलीचे वय उलटून गेले होते, म्हणून तिच्या नावे साधी ठेव केली. अज्ञान मुलाच्या ठेवीचे व्याज आईच्या उत्पन्नात मिळवले जाते, हे त्यांना तेव्हाच सांगून ठेवले.

येथपर्यंत गोष्ट कुटुंबाच्या मदतीची झाली. पण स्मृतिनिधी म्हणताना आपल्या मनात दुसरेही काहीतरी असते : त्या माणसाचे नाव राहावे. मदतीचे काम संपते न संपते तोच जुन्या विद्यार्थ्यांनी सुचवले की सरांच्या नावे गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीस दरवर्षी पारितोषिक द्यावे. पुण्याच्या एकाने लगेच विचारले, "ऐंशी-जीची पावती मिळेल ना?"

हा निधी पहिल्याहून जातीने वेगळा आहे. पहिला एका घराचा, हा सार्वजनिक. जी वजावट ८०-जी कलमाने ओळखली जाते, ती एका कुटुंबास दिलेल्या पैशांवर कधीच मिळत नाही. एका घरासाठी न्यास केला तरी तो खासगी न्यास ठरतो. त्यातही कोणाचा किती वाटा हे लिहिलेले नसेल तर त्याच्या उत्पन्नावर सर्वोच्च दराने कर लागतो. धर्मादाय म्हणून आयकर खात्याची नोंदणी मिळायची तर लाभ समाजाला झाला पाहिजे. अशा नोंदणीकृत संस्थेने एखाद्या गरजू कुटुंबास मदत केली, तर ती घेणाऱ्याच्या हाती सामान्यतः करमुक्त असते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरांसाठी नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये 'नाम' ही संस्था उभी केली. हुतात्मा जवानांच्या घरांसाठी केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१७ मध्ये 'भारत के वीर' हा निधी सुरू केला, त्यास दिलेल्या देणगीवर ८०-जीची वजावट मिळते आणि एका जवानाच्या खात्यात पंधरा लाखांची मर्यादा ठेवलेली आहे. या वाटेने गेले म्हणजे देणारा आणि घेणारा दोघेही निर्धास्त राहतात. पुण्याच्या त्या गृहस्थास हेही कळवले की, ज्याने नवी कररचना निवडली आहे त्याला ८०-जीचा लाभ नाही, आणि दोन हजारांवर रोख दिल्यास जुन्या रचनेतही नाही. त्यांनी तरीही पैसे पाठवले.

महाराष्ट्रातील वाचकांचे आप्त 'धर्मादाय आयुक्त' असा शब्द वापरतात. आमच्या मध्यप्रदेशात ते कार्यालय नाही. येथे मध्यप्रदेश लोकन्यास अधिनियम, १९५१ लागू आहे आणि जिल्हाधिकारी हेच लोकन्यासांचे पंजीयक. व्यवहारात काम अनुविभागीय अधिकाऱ्यांपुढे चालते. हा कायदा जुन्या न्यासांनाही चुकत नाही. देवी अहिल्याबाईंच्या धर्मकार्याची मालमत्ता सांभाळणारा इंदूरचा खासगी ट्रस्ट १९६२ चा. त्यालाही हा कायदा लागू होतो असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. एवढ्या मोठ्या संस्थेची ही कथा, तर पाच-पन्नास हजारांच्या पारितोषिकासाठी नवा न्यास काढणे म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला जड. नोंदणी, लेखापरीक्षण, दरवर्षीचे विवरणपत्र, देणगीदारांची यादी खात्याकडे भरणे, हे सारे मागे लागते. त्यापेक्षा अगोदरच आयकर-नोंदणी असलेल्या आपल्या एखाद्या समाजसंस्थेत स्थायी निधी म्हणून रक्कम ठेवावी, ती त्याच कारणासाठी आहे असे देणगीदारांनी लेखी द्यावे, आणि व्याजातून पारितोषिक चालवावे. आम्ही तेच ठरवले.

गुप्तदानाचा प्रश्न तेव्हा निघाला. आपल्याकडे नाव न सांगता दिलेले दान श्रेष्ठ मानतात. एका वृद्ध आजोबांनी "नाव लिहू नका" म्हणून पाकीट दिले. मी त्यांस नम्रपणे सांगितले की नाव फळ्यावर लिहिणार नाही, पण वहीत लिहीन. धर्मादाय संस्थेस मिळालेल्या निनावी देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यांवर ३० टक्के कर लागतो. ते हसले आणि म्हणाले, "चित्रगुप्ताकडे तरी कोठे नाव लपते!"

परदेशातील विद्यार्थ्यांबाबत एक भेद लक्षात ठेवावा. ज्याच्यापाशी भारतीय पारपत्र आहे, त्याने तेथून आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी अंशदान धरली जात नाही. ज्याने परकी नागरिकत्व घेतले, त्याची मात्र धरली जाते, मग तो मनाने कितीही कुक्षीचा असो. आणि विदेशी अंशदान कायद्याची नोंदणी नसलेली संस्था ते घेऊ शकत नाही. शासकीय सेवकास तर ते घेण्यास मनाईच आहे. अमेरिकेतील एका विद्यार्थ्याचे पैसे आम्हांस याच कारणाने परत करावे लागले. त्याला ते लागले. पुढे त्याच्या धाकट्या भावाने, जो इंदुरास असतो, आपल्या कमाईतून वेगळी रक्कम दिली.

विश्वस्तपण ही हौसेची गोष्ट नव्हे, हे लोकमान्य टिळकांइतके कोणी भोगले नसेल. १८९७ मध्ये मित्र बाबा महाराज यांच्या मृत्युपत्राने त्यांनी त्या घरची जबाबदारी पत्करली आणि ताई महाराज प्रकरण म्हणून ती १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागेपर्यंत त्यांच्या मानगुटीस बसली. मध्ये खोटी साक्ष दिल्याचा आरोपही सोसावा लागला. आमचा पसारा त्यापुढे नगण्य. तरी मी वही दोन प्रतींत ठेवली आहे, एक वहिनींकडे, एक माझ्याकडे, आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आहेत.

पारितोषिकाची रक्कम संस्थेच्या स्थायी निधीत जमा झाली आहे. पहिल्या वर्षी ते कोणास द्यावे यावर आमच्या बैठकीत बराच खल झाला, कारण त्या वर्षी गणितात पहिली आली ती सरांचीच थोरली मुलगी. काहींचे म्हणणे, तिने कमावले आहे, तिला द्यावे. माझ्या विद्यार्थ्याने मान हलवली. निधी सार्वजनिक आहे आणि पहिलेच पारितोषिक त्याच घरी गेले तर लोक पुन्हा तोच प्रश्न विचारतील, असे त्याचे मत पडले. आम्ही तिच्या आईला विचारावयास गेलो. दार मुलीनेच उघडले. सारे ऐकून घेऊन ती म्हणाली, "सर, दुसरीला द्या. मला फक्त प्रमाणपत्र द्या, त्यावर बाबांचे नाव असेल ना?"